केस गळणारच! दाट केसांचा कुत्रा पहिल्यांदा सांभाळणाऱ्यांसाठी

होळीचा दिवस. सासूबाई पुरण वाटत होत्या. एकदम थांबल्या, चिमटीत काहीतरी धरून खिडकीपाशी गेल्या, उजेडात निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा कुत्रा आहे की पिंजाऱ्याचं दुकान?" चिमटीत एक लांबसडक सोनेरी केस होता. केसाचा मालक, आमचा लाडू, ओट्याखाली पुरणाच्या आशेनं बसलेला. गोल्डन रिट्रीव्हर, तेव्हा वय वर्ष सव्वा.

त्या आठवड्यात मी इंटरनेटवर "कुत्र्याचे केस गळणं थांबवण्याचे उपाय" शोधत बसले होते. आता लाडू सहा वर्षांचा आहे आणि सोसायटीत कुणीही पिल्लू आणलं की मला पहिला फोन येतो. त्या सगळ्यांना सुरुवातीलाच सांगते, की निरोगी कुत्र्याचे केस गळणं थांबत नाही, थांबवूही नये. गळायचे ते गळणारच. ते ब्रशमध्ये गळवायचे की पुरणात, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी केस उलगडून बघा

कुत्र्याच्या खांद्यापाशी दोन्ही अंगठ्यांनी केसांत भांग पाडा. वर लांब, थोडे राठ, चकचकीत केस दिसतील आणि त्यांच्या बुडाशी कापसासारखी मऊ, फिकट रंगाची दाट लव. असे दोन थर दिसले तर तुमचा कुत्रा "डबल कोट"वाला. आतली लव थंडीपासून वाचवते आणि वरचे केस ऊन, पाणी, काटेकुटे अडवतात. ऋतू बदलताना गठ्ठ्यानं उतरते ती मुख्यतः आतली लव.

गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, चाऊ चाऊ, सेंट बर्नार्ड हे सगळे या गटातले. आपल्याकडे वर्षानुवर्षं "पॉमेरियन" म्हणून घरोघरी असलेला पांढरा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तोही यातलाच. आणि लॅब्राडॉरही! "लॅबचे केस आखूड, त्यामुळे त्रास नाही" असं सांगून पिल्लू गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात. लॅबचे आखूड, ताठ केस सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात. माझ्या मते गोल्डनपेक्षा ते काढणं अवघड.

शिह त्झू, पूडल, माल्टीज यांचं गणित वेगळं. त्यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात, फारसे गळत नाहीत, पण नियमित कापावे लागतात. त्यांच्यासाठीचे सल्ले डबल कोटला लावू नका. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर हेही लक्षात ठेवा, की ॲलर्जी केसांमुळे नाही तर कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. त्यामुळे "या जातीची कुणालाच ॲलर्जी होत नाही" या जाहिरातीवर विसंबून कुत्रा घरी आणू नका. आधी त्या जातीच्या कुत्र्याबरोबर दोन-चार तास घालवून बघा.

गळतात कधी आणि का

केस उतरवायची वेळ झाली हे कुत्र्याच्या शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून कळतं. थंडी-उन्हाचा भाग त्यात आहेच, पण घड्याळ प्रकाशाचं. हस्की मूळचा सैबेरियाच्या टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांचा, स्लेज ओढणारा कुत्रा. तिकडे उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ मावळत नाही आणि हिवाळ्यात जेमतेम डोकावतो. त्यामुळे शरीराला स्पष्ट निरोप मिळतो: आता लव उतरव, आता चढव. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकराचा. फरक सव्वादोन तासांचा, आणि तोही आपण रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट लावून पुसून टाकतो. मग शरीर गोंधळतं आणि वर्षभर थोडेथोडे केस सोडत राहतं.

तरी दोन हंगाम जाणवतातच. पहिला फेब्रुवारी ते एप्रिल. दुसरा पावसाळा सरल्यावर, म्हणजे नेमका दिवाळीची साफसफाई झाली की. या दोन्ही वेळी तीन-चार आठवडे कंबर कसायची. माद्यांचे केस माजानंतर आणि विशेषतः पिल्लं झाल्यावर काही महिन्यांनी भसाभस जातात. बघून धडकी भरते, पण नंतर परत येतात.

काय विकत घ्यायचं

दुकानात गेलात तर भिंतभर ब्रश टांगलेले असतात. त्यातल्या तीन वस्तू पुरे.

स्लिकर ब्रश: चौकोनी गादीवर बारीक, टोकाशी वाकलेल्या तारा असलेला. गुंता सोडवायला आणि सुटलेली लव काढायला रोजचं हत्यार हेच. घेण्याआधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला ओढून बघा. तुम्हाला ओरखडे उठले तर कुत्र्यालाही उठणार.

अंडरकोट रेक: छोट्या दाताळ्यासारखा दिसतो, बोथट टोकांचे लांब दात असतात. केसगळतीच्या हंगामात याच्याइतकं काम दुसरं काही करत नाही.

स्टीलची फणी, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली. ही विंचरण्यासाठी कमी आणि परीक्षेसाठी जास्त, पुढे सांगते.

लॅबसारख्या आखूड केसांना रेकपेक्षा रबरी दातांचा ब्रश छान चालतो. आणि ते बारीक पात्याचं डीशेडिंग टूल, ज्याच्या व्हिडिओत एका फटक्यात केसांचा डोंगर निघतो? ते वाईट नाही, पण जोर लावून किंवा रोज वापरलं तर लवेबरोबर वरचे चांगले केसही तुटतात. हंगामात आठवड्यातून एकदा, हलक्या हातानं. नवख्यांनी पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

विंचरायचं कसं

बहुतेकांची चूक इथेच होते. ते रोज विंचरतात, मन लावून विंचरतात, ब्रशमध्ये केसही येतात. पण ब्रश फिरतो तो वरच्यावर. पाठ रेशमासारखी दिसते आणि आत, कातडीला लागून, लवेची गोधडी जमत जाते. एका ओळखीच्या घरची जर्मन शेफर्ड मी अशीच पाहिली. वरून कॅलेंडरवरचा फोटो. मांडीच्या मागे बोट घातलं तर आत नमद्यासारखा थर लागला.

त्यामुळे ओळीओळीनं विंचरायचं. कुत्र्याला कुशीवर झोपवा. फिरून आल्यानंतरची, तो दमलेला असतानाची वेळ उत्तम. फवारणीच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचे चार थेंब टाका आणि केसांवर हलका फवारा मारा. कोरडे केस विंचरले की तुटतात, आणि थंडीत तर चट्‌चट्‌ वीज खेळते.

आता मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. डावा तळहात पायावर आडवा ठेवून सगळे केस वरच्या दिशेला दाबून धरा. हाताच्या कडेला कातडीची एक पांढुरकी रेघ दिसेल. त्या रेघेपासून एक बोट जाडीचे केस खाली सोडा आणि स्लिकरनं मुळापासून टोकापर्यंत, बाहेरच्या दिशेनं, आखूड फटकाऱ्यांनी विंचरा. मनगट सैल ठेवा. ब्रश अडखळायचा थांबला की डावा हात बोटभर वर सरकवा, नवी रेघ, नवे केस. असं करत मांडी, कूस, खांदा, मान. रेघ दिसत नसेल तर तुम्ही कातडीपर्यंत पोचलेला नाही, इतकं साधं आहे.

हंगाम असेल तर स्लिकरनंतर रेक फिरवा, केस ज्या दिशेला पडतात त्याच दिशेनं, जोर न देता. पिंजलेल्या कापसासारखे पुंजके सुटून येतात. एकाच जागी दहा-बारा वेळापेक्षा जास्त ओढू नका. कातडी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा ब्रश पाहून पलंगाखाली जातो.

शेवटी फणी. कातडीपासून टोकापर्यंत न अडकता सरकली तर पास. अडकली तर तिथे परत स्लिकर. पाच जागा कधीही सोडू नका: कानांमागे, काखेत, गळपट्ट्याखाली, मांडीमागची झालर आणि शेपटीचं बूड. जटा धरतात त्या इथेच.

किती वेळ? हंगामात रोज पंधरा मिनिटं, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा. सगळा कुत्रा एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. आज डावी बाजू, उद्या उजवी. मी संध्याकाळच्या बातम्या लागल्या की बसते. बातम्या संपेपर्यंत माझ्या शेजारी अजून एक छोटा लाडू तयार झालेला असतो.

पिल्लू असेल तर पहिला आठवडा ब्रश फक्त दाखवायचा, हुंगू द्यायचा आणि खाऊ द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात दोन फटकारे आणि खाऊ. पंजे हातात घेणं, कान उचलणं, शेपटी धरणं या सवयीही तेव्हाच लावा. चाळीस किलोच्या जर्मन शेफर्डला दोन वर्षांचा झाल्यावर हे शिकवायला गेलात तर तोच तुम्हाला शिकवेल.

जट सापडली तर

कात्रीकडे हात नेऊ नका. जट कातडीला घट्ट ओढून धरते, त्यामुळे कातडीही वर उचलली जाते आणि केस समजून आपण तीच कापतो. व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडे, टाके घालायला येणाऱ्या कुत्र्यांत हा प्रकार नेहमीचा. जटेवर थोडं कॉर्नफ्लोअर भुरभुरा, बोटांनी ती उभी फाडत लहान तुकडे करा. मग जटेचं मूळ चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीवर येणार नाही, आणि फणीच्या टोकानं बाहेरच्या बाजूपासून आत या. अर्ध्या तासात सुटली नाही किंवा खालची कातडी लाल-ओली दिसली तर ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस, नखं, अंघोळ करून देणाऱ्याकडून) नाहीतर व्हेटकडून मशीननं काढून घ्या. जट असताना अंघोळ मात्र घालू नका. भिजून सुकली की ती आणखी आवळते.

भादरू नका

लाडूच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याला एका ग्रूमरकडे घेऊन गेले. "मॅडम, एवढ्या केसांत बिचाऱ्याला उकडत असेल, झिरो मशीन मारून टाकू," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. आपल्याला उकडतं म्हणून आपण स्वेटर काढतो, तसंच ना? घरी आलेला लाडू सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "गेलं कोण?"

उकाडा कमी झालाच नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांच्या गाद्यांतून येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. केस काढून घाम सुकवायची सोय होत नाही. उलट ऊन अडवणारा वरचा थर जातो आणि कातडी उघडी पडते. पुढे केस आले तेही उलट्या क्रमानं: आतली लव भराभर वाढली, वरचे राठ केस रेंगाळले. त्या लोकरीत टेकडीवरची सगळी कुसळं चिकटायची. पाठ पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागलं. काही कुत्र्यांचे भादरलेल्या जागचे केस महिनोन्‌महिने येतच नाहीत. पॉमेरियन, चाऊ चाऊ, हस्की यांच्यात हे जास्त दिसतं.

शस्त्रक्रिया, जखम, त्वचेचा आजार किंवा अंगभर जटा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. एरवी उन्हाळ्याचा उपाय म्हणजे आतली सुटलेली लव रेकनं काढून टाकणं, म्हणजे कातडीपर्यंत वारा पोचतो. पोटावरचे केस थोडे कमी करून घ्यायला हरकत नाही, कुत्रा थंड फरशीवर पोट टेकून पसरतो. पंजांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीत कापून घ्याच, नाहीतर आपल्या गुळगुळीत टाइल्सवर मोठे कुत्रे घसरतात आणि सांधे दुखावून घेतात. कुत्र्याला आत सोडण्याआधी ग्रूमरला स्पष्ट सांगा: "अंगावर मशीन नको. अंघोळ, ब्लोअर, अंडरकोट काढणं, पंजे आणि नखं." जमल्यास समोर थांबा.

अंघोळ

दर आठवड्याला नको. चार ते सहा आठवड्यांनी एकदा पुरते, चिखलात लोळला तर अपवाद. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची साधारण उदासीन, आणि तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. त्यामुळे आपला शांपू, कपड्यांचा साबण आणि बादलीत टोपणभर अँटिसेप्टिक लिक्विड या तिन्हींना सुट्टी द्या. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर जळजळतं, तेही नको.

आधी पूर्ण विंचरा. बाथरूममधल्या जाळीवर जुन्या पायमोज्याचा तुकडा किंवा बारीक जाळी ठेवा. ही पायरी मी एकदा विसरले आणि प्लंबरनं नळीतून काढलेला ऐवज बघून तोही दचकला होता. पाणी कोमट. डबल कोटची खरी अडचण ही, की मगभर पाणी ओतलं तरी ते वरच्या केसांवरून घरंगळून जातं. गोल्डन ही जात १९व्या शतकात स्कॉटलंडमध्ये पाडलेले पक्षी पाण्यातून आणण्यासाठीच घडवली, त्यामुळे अंगाला पाणी लागू न देणं हा तिचा गुणच. म्हणून तळहातानं दाबत, केस उलटे करत, पाणी कातडीपर्यंत न्या. शांपू मगभर पाण्यात पातळ करून घ्या, म्हणजे सगळीकडे सारखा पोचतो. चोळून फेस काढताना गोल गोल घासू नका, गुंता होतो. केसांच्या दिशेनंच हात फिरवा. औषधी शांपू असेल तर पाकिटावर लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून मोजा, बहुतेकदा दहा असतात. आणि धुताना, आता झालं असं वाटल्यावर अजून दोन बादल्या. आत राहिलेला शांपू हे खाजेचं फार नेहमीचं कारण आहे.

वाळवणं तर अंघोळीपेक्षा महत्त्वाचं. टॉवेलनं रगडू नका, दाबून टिपा. मग ब्लोअर असेल तर सगळ्यात छान: वाऱ्याच्या जोरानं केस फाकतात, कातडी दिसते आणि सुटलेली लव उडून जाते (बाल्कनीत करणार असाल तर खालच्या मजल्यावर पापड वाळत घातलेले नाहीत ना, ते आधी बघा). माणसांचा हेअर ड्रायर वापरलात तर सगळ्यात कमी गरम ठेवून, आपला हात मधे धरून. बाहेरून कोरडं वाटणं म्हणजे कोरडं नव्हे. केसांत बोटं घालून कातडीला टेकवा. गार लागली तर आत ओल आहे.

कानात पाणी जाऊ देऊ नका. नखं अंघोळीनंतर मऊ असतात तेव्हा कापा, टोकाचा छोटासा तुकडाच. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा कुणा जाणत्याकडून शिकून घ्या.

पावसाळ्याचं वेगळं

आपल्याकडे खरी कसोटी उन्हाळ्यात नाही, जून ते सप्टेंबरमध्ये लागते. परदेशी व्हिडिओंत हा भाग नसतोच.

फिरून आल्यावर पंजे, पोट, काखा आणि गळा पुसायचे, आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचे. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा घरात काढून ठेवा, दोन जोड असू द्या. लाडूच्या पहिल्या पावसाळ्यात मी ओला हार्नेस रात्रभर त्याच्या अंगावर तसाच ठेवला. सकाळी तो काखेपाशी सारखा चाटत होता. केस बाजूला केले तर रुपयाएवढा लाल, चिकट चट्टा. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा झाला. याला हॉट स्पॉट म्हणतात. ओल, घर्षण आणि चाटणं याचं चक्र सुरू झालं की तासातासाला पसरतो. यावर हळद-तेलाचा लेप थापू नका, वर थर बसून आत ओल कोंडते. डॉक्टर आजूबाजूचे केस काढून जागा उघडी करतात, औषध देतात, आणि चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं घालतात. लाडू त्या नरसाळ्यासह आठ दिवस घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकला.

दुसरं म्हणजे गोचीड. दाट केसांत त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. रोज विंचरताना कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि गळ्याखाली बोटं फिरवा; मुगाच्या डाळीएवढं काही लागलं की बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. उदबत्तीचा चटका, रॉकेल, नखानं चिरडणं, यातलं काही नको. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणेच. गुरांसाठीचं गोचीडनाशक "अंदाजानं पातळ करून" लावण्याची पद्धत गावाकडे आहे, विषबाधा होते. घरात मांजर असेल तर आवर्जून सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरांना घातक असतं. मानेवर थेंब टाकायचं औषध असेल तर आधी-नंतर दोन दिवस अंघोळ टाळा आणि केस बाजूला करून ते कातडीवर टाका. दाट केसांवरच टाकलं तर पैसे केसांना लागतात. आणि हो, विंचरलेले केस चिमण्यांच्या घरट्यासाठी बाल्कनीत ठेवायची कल्पना गोड आहे, पण औषध लावलेल्या कुत्र्याच्या केसांत त्याचा अंश राहतो. ते कचऱ्यातच जाऊ द्या.

घरातला केर

झाडू मारण्याआधी पंखा बंद. कोरड्या केरसुणीनं केस पुढे पळतात. आधी रबरी वायपर ओढा, केसांची वळकटी होऊन येते, मग झाडा आणि पुसा. सोफ्यावर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं फिरवा. महागड्या चिकट रोलरपेक्षा हे बरं. कुत्र्याची चादर मशीनमध्ये टाकण्याआधी झटका, आणि मशीनची जाळी प्रत्येक वेळी साफ करा. एसीचा फिल्टर हंगामात दर पंधरा दिवसांनी. फ्रिजच्या मागची जाळी वर्षातून दोनदा बघा, तिथे एक स्वतंत्र कुत्रा राहत असतो. काळे कपडे घालायचं मी सोडून दिलंय. स्वयंपाकघराच्या दारात मात्र लहान मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक बसवलं, आणि पुरणाचा प्रश्न तिथे मिटला.

खाण्याबद्दल थोडक्यात

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होऊन जास्त गळतात, यात नवल नाही. मांस, उकडलेलं अंडं, काटे काढलेले उकडलेले मासे यांचा योग्य वाटा हवा. तारली किंवा बांगड्यात ओमेगा-३ चांगलं असतं, मात्र मीठ-मसाला, कांदा, लसूण नको. फिश ऑइलचं प्रमाण डॉक्टर वजनावरून ठरवतील. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. आठवड्यात केस थांबतील असं सांगणाऱ्या गोळ्या-पावडरींवर पैसे घालवू नका.

डॉक्टरांकडे कधी

हंगामी गळतीत केस सगळीकडून सारखे विरळ होतात, खालची कातडी स्वच्छ असते आणि कुत्रा मजेत असतो. यात काही बिनसलं तर जायचं. टक्कल पडलेला चट्टा, पोटाच्या दोन्ही बाजूंना सारखेच विरळ झालेले केस, उंदरासारखी बोडकी शेपटी, सतत खाजवणं, आंबूस वास, तेलकट कोंडा, कातडी काळी आणि जाड होणं, ही सगळी गळतीची नाही, आजाराची लक्षणं आहेत. केस विरळ आणि त्याच वेळी कुत्रा सुस्त, वजन वाढतंय, असं असेल तर थायरॉइडची तपासणी विचारा. गोल चट्टे दिसले तर मुलांना काही दिवस लांब ठेवा; गजकर्ण माणसांना लागतं.

जाण्याआधी चट्ट्याशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, रोज एक. वाढतोय की आटतोय हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं. आणि त्या सकाळी "डॉक्टरांसमोर घाणेरडा कसा न्यायचा" म्हणून त्याला अंघोळ घालू नका, तेल-पावडर लावू नका. कातडी खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो आणि आपण धुऊन टाकलेलं त्यात सापडत नाही.